चाड्यातलं उरलेलं बी

बेंबळी
दिवाळी होऊन आठवा दिवस, सन १९५९

प्रिय प्रेमा,

आधी एवढंच वाच आणि मग खाली बस. तुझी तुळजा धडधाकट आहे. मी हे लिहितेय तेव्हा ती ओसरीवर आत्याबाईंच्या चंचीतली सुपारी दगडानं फोडतेय, आणि त्या दोघींचं जोरात भांडण चाललंय. अंगात ताप नाही, तोंड आलेलं नाही, हात कापत नाहीत. पुढं जे लिहिणार आहे ते वाचताना तुझ्या काळजाचं पाणी होईल, तेव्हा परत वर येऊन ही चार वाक्यं वाच. मी स्वतः गेले सोळा दिवस घटकेघटकेला उठून तिच्याकडं बघतेय, मग तू तिकडं औरंगाबादला वसतिगृहात एकटी बसून वाचणार म्हणजे काय होईल ते मला कळतंय. कुणी मैत्रीण असेल तर तिला जवळ बसव.

तुझं पत्र भाऊबीजेला पोचलं. त्यात तू जे विचारलंस त्याचं उत्तर मी शेवटी देणार आहे. आधी दिलं तर ते खोटं ठरेल. आणि तुला माहीतच आहे, मला एक गोष्ट सरळ सांगता येत नाही. लहानपणी आईनं विचारलं, दूध कुणी सांडलं, की मी गाय व्यालेल्या दिवसापासून सुरुवात करायची. तसंच आताही होणार. घाई करू नकोस.

आषाढात तू बिस्किटांचा पत्र्याचा डबा पाठवलास ना, तिथून हे सुरू झालं. तुला दोष देत नाही. तुझं कुंकू गेलं आणि दोन वर्षांची पोर माझ्या कडेवर देऊन तू नर्सचं शिकायला गेलीस, त्याला आता दोन वर्षं झाली. तिच्या डोळ्यापुढं तुझा चेहरा किती राहिला असेल देव जाणे. पण त्या डब्यानं जादू केली बघ. रोज सकाळी उठायची, तोंडसुद्धा न धुता डब्यापाशी बसायची आणि म्हणायची, "आईचं बिस्कुट." एकच घ्यायची. कुरतडत कुरतडत अर्धा तास खायची. डबा संपला तशी पोरीनं खाणंच टाकलं. भाकरी पुढं केली की मान फिरवायची, दुधाला नाक मुरडायची. सकाळचं पोटात काही जाईना. हाताच्या काड्या झाल्या, आत्याबाई तर रोज दृष्ट काढायच्या. आणि रोज सकाळी रिकाम्या डब्याचं झाकण उघडून आत बघायची, मग लावायची. खरं सांगते प्रेमा, मला राग यायचा. तुझा नाही गं, त्या डब्याचा. दोन वर्षं मी न्हाऊ घालते, मी उवा काढते, गोवरात बारा दिवस मी मांडीवर घेऊन बसले, आणि पत्र्याच्या डब्याला ती 'आईचा' म्हणते. आता लिहायला बसलेच आहे तर हेही लिहिते.

तर मी मनात घेतलं की आपणच बिस्किटं करायची. तुझ्या मैद्याच्या बिस्किटांत आहे काय, नुसता वारा. मी ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याचं कूट, तीळ, गूळ आणि घरचं तूप घालून अशी करीन की एकात भाकरीचं बळ. इथं बाजाराच्या कडेला पाशामियाँची भट्टी आहे. ते आधी हैदराबादेला बेकरीत होते. आपण घरून पीठ मळून न्यायचं, त्यांच्या पत्र्यावर थापायचं, ते भाजून देतात. चार घरचे पत्रे एकदम आत जातात, म्हणून ज्याच्या त्याच्या बिस्किटावर ज्याची त्याची खूण. कुणी काटा मारतं, कुणी वाटीची कड दाबतं. मी तुळजाला म्हटलं, आपली खूण तुझा अंगठा. तेव्हापासून अंगठा वर करूनच गावभर फिरत होती.

आता ज्वारी कुठली, ते सांगते. सगळं तिथंच आहे.

आमच्या घरची एक रीत आहे. पेरणी संपली की तिफणीवरच्या बी सोडायच्या चाड्यात जे उरतं ते मालकानं घरी आणायचं. ते विकायचं नाही, कुणाला उसनं द्यायचं नाही. दळून घरातल्या लेकराला पहिल्यांदा खाऊ घालायचं. रानानं परत दिलं ते लेकराचं, असं आत्याबाई म्हणतात. माझ्या लग्नाला तेरा वर्षं झाली. दर साली मी ते बी दळलं आणि शेजारच्या पोरांना वाटलं, नाहीतर गाईपुढं ठेवलं. आत्याबाई सासू असून तोंडानं कधी टोचून बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी देवळात जाऊन बसायच्या आणि दिवे लागल्यावरच घरी यायच्या. गेल्या साली तुळजा घरात होती, पण नेमकी गोवरानं पडलेली. म्हणजे हे पहिलंच साल, की आमच्या चाड्यातलं बी आमच्या घरच्या लेकराच्या तोंडी जाणार होतं. मी किती हरखले असेन ते तूच समज.

पण या साली तुझ्या दाजींनी उरलेलं बी घरात आणलंच नाही. गोठ्याच्या माळ्यावर डब्यात तसंच ठेवलेलं. मला वाटलं विसरले. तेरा वर्षांत लेकरू नव्हतं, त्या माणसाला तरी कशी आठवण राहणार? मनात म्हटलं, बिस्कुट हातावर ठेवू आणि मग सांगू, बघा, तुम्ही विसरलात, मी नाही. डबा उतरवला, झाकण काढलं. टपोरी मालदांडी ज्वारी, वर करडी भुरकी. आपल्याकडं बी राखेतच ठेवतात, तुझ्यामाझ्या माहेरीही तसंच. मी म्हटलं, राख आहे. तीन पाण्यानं खळाळून धुतली. हाताला जरा उग्र वास आला, तो मला गोठ्याचा वाटला. उन्हात वाळत घातली. इथं एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती मागनं सांगते.

शनिवारी सकाळी दोघी जात्यावर बसलो. खुंट्याला तिचा हात, वर माझा. पीठ तिच्या भुवयांवर, नाकावर. गूळ फोडताना निम्मा तिच्या तोंडात. परातीत कोपरापर्यंत हात घालून तिनं पीठ मळलं, आणि मध्येच हात चाटले. तो हात चाटतानाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. भट्टीवर गेलो तर पाशामियाँनी तिला पाटावर चढवलं. एकेका गोळ्यावर अंगठा दाबायची आणि माझ्याकडं बघायची, बरोबर ना? चाळीस झाली. खरपूस वास सुटला तसे पाशामियाँ म्हणाले, "बेकरी टाक आता तू, कमलबाई." रिवाजाप्रमाणं त्यांच्या बायकोच्या, हमिदाबीच्या हातावर दोन ठेवली. तुळजानं गरम गरम एक तिथंच खाल्लं, एक वाटेत. बाकीची तुझ्या त्याच डब्यात भरली. माझा शनिवारचा उपास, म्हणून मी चवीलाही तोंडात घातलं नाही. मीही खाल्लं असतं तर किती बरं झालं असतं, असं मी नंतर शंभरदा म्हटलंय.

दुपारी तुझे दाजी रानातून आले. मी तोऱ्यात एक बिस्कुट त्यांच्या हातावर ठेवलं आणि म्हटलं, "ओळखा कशाचं. चाड्यातल्या उरलेल्या बियाचं. तुम्ही विसरलात." बिस्कुट ओठापर्यंत गेलं होतं. तिथंच हात थांबला. प्रेमा, तेरा वर्षांत मी त्या माणसाचा चेहरा तसा कधी बघितला नव्हता. त्यांनी ते फेकून दिलं आणि म्हणाले, "गोठ्यातला डबा? त्याला औषध हाय. काणीचं औषध हाय. जहर हाय ते!" या साली ग्रामसेवकानं कणसाला काणीचा रोग पडू नये म्हणून बियाला चोळायला भुकटी दिली होती. म्हणून त्यांनी ते घरात आणलं नव्हतं. विसरले नव्हते. मग त्यांनी एवढंच विचारलं, "पोरीनं खाल्लं?" आणि मी दोन बोटं वर केली. अंगणात तुळजा कोंबड्यांना हुसकावत होती, हसत होती. ती हसत होती याचीच मला जास्त भीती वाटली.

तिला उचललं, मिठाचं पाणी पाजलं, घशात बोट घातलं. पोरगी भेदरून रडायला लागली, "मावशी मारू नको, मावशी मारू नको." मी तिला कधी चापटसुद्धा मारलेली नाही गं. एवढ्यात मला हमिदाबीची दोन आठवली. मी तशीच अनवाणी भट्टीकडं पळत सुटले, डोक्यावर पदर आहे की नाही शुद्ध नव्हती. देवाची कृपा, तिनं ती सांजच्या चहाला म्हणून फडताळात ठेवली होती. मी तिथंच गळा काढला, तशी ती ओरडली, "रोने का टैम नै कमलबाई, बच्ची को उठाव!" दुसऱ्या कुणी माझं नाव टाकलं असतं. तिच्या घरात मी जहर देऊन आले होते, आणि ती घरची सहा अंडी पदरात घेऊन माझ्यामागं धावली. हैदराबादेला कुणी विष घेतलं की डॉक्टर कच्च्या अंड्याचं पांढरं पाजायचे, एवढं पाशामियाँना ठाऊक होतं. आमच्या आत्याबाई, ज्यांनी जन्मात या घराच्या उंबऱ्याच्या आत अंडं येऊ दिलं नाही, त्यांनी स्वतःच्या पूजेची वाटी पुढं केली. म्हणाल्या, "यात फेट. देव बघून घेईल."

दुपारची मोटार सुटली होती. पाशामियाँ पिठाच्या हातांनी धावत जाऊन रस्त्याच्या मधोमध हात पसरून उभे राहिले, तेव्हा थांबली. उस्मानाबाद येईपर्यंत मी तिच्या तोंडाकडं बघत होते. डोळे मिटले की हलवायची, मिटले की हलवायची. शेवटी ती चिडून म्हणाली, "झोपू दे की मला." तेवढा वेळ मी येडाई देवीला काय काय बोलले ते आठवत नाही, पण माझं आयुष्य देऊ केलं होतं एवढं नक्की.

दवाखान्यात नळी घालून पोट धुतलं. कारकून कागद भरत होता. त्यानं विचारलं, मुलीची आई कोण? आणि मी म्हणाले, मी. तुझे दाजी माझ्याकडं बघतच राहिले. का म्हणाले, मला विचारू नकोस. आई नाही म्हटलं तर मला बाहेर बसवतील असं वाटलं. पण तेवढंच कारण नव्हतं. त्या कागदावर आई म्हणून माझं नाव लागलंय, आणि तू त्याच कामातली आहेस, तुझ्या बघण्यात कधीतरी येईल, म्हणून सांगते. पुढचं ऐक. नर्सनं तिचा झगा बदलला तर खिशात एक बिस्कुट निघालं, अंगठ्याची खूण असलेलं. तुळजा ग्लानीत होती, तरी तिनं ते धरून ठेवलं आणि पुटपुटली, आईला ठेवलंय. नर्स बिचारी भली बाई, डोळे पुसत मला म्हणाली, बघा बाई, तुमच्यासाठी ठेवलंय. तशी पोरगी डोळे उघडून म्हणाली, "हिला न्हाई. औरंगाबादच्या आईला." नर्सनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्या मुठीतून ते बिस्कुट हळूच सोडवून घेतलं.

मोठे डॉक्टर म्हणाले, तीन पाण्यानं धुतलंत म्हणून आत्ता पोर समोर आहे. पण हे औषध दगाबाज, आठ दहा दिवसांनीही वर येतं. पंधरा दिवस लघवी बघा, हिरड्या बघा, हात कापतात का बघा. तीन दिवसांनी घरी सोडलं. तेव्हापासून रोज सकाळी मी काठोकाठ पाण्याचा पेला तिच्या हातात द्यायची आणि म्हणायची, ओसरीच्या त्या टोकाला जा, एक थेंब सांडायचा नाही. तिला तो खेळ वाटायचा. मी भिंतीला टेकून बघत राहायची. एक दिवस, दिवाळीच्या आदल्या दिवशी, पाणी सांडलं. प्रेमा, मी मेले होते त्या घटकेला. मग कळलं, मांजर आडवं गेलं होतं. दिवाळीला दारात पणती लावली तेवढीच, कढई चढली नाही. मला पिठात हात घालायलाच भीती वाटते. भाकरी आत्याबाई थापतात. आणि एक नवीनच खूळ लागलंय. कुठलाही कागद दिसला की वाचते. चहाची पुडी आली, वाच. गुळाच्या ढेपेचा कागद, वाच. तुझ्या दाजींनी उरलेली बिस्किटं खोल खड्ड्यात पुरली, आणि घरातले सगळे डबे स्वतः उघडून बघितले.

काल पंधरा दिवस भरले. परत उस्मानाबादला नेऊन दाखवलं. डॉक्टरांनी हात बघितले, जीभ बघितली, म्हणाले, आता भीती नाही. येताना मोटारीत मी एवढी रडले की शेजारच्या बाईला वाटलं कुणी गेलं.

आता तुझ्या पत्राचं उत्तर. तू लिहिलंस, शिक्षण संपत आलं, पुढं बदल्यांची नोकरी, लेकराची फरफट होईल, तेव्हा पौर्णिमा झाली की येते आणि पाच माणसांसमोर तुळजाला तुझ्या ओटीत घालते, कागदही करू. अगं, हे वाक्य ऐकायला मी काय दिलं नसतं! आणि त्याच्याखाली तू लिहिलंस, 'अक्का, पोर तुझ्या हातात आहे म्हणून मला रात्री शांत झोप लागते.' ते वाक्य मी एकदाच वाचलं, परत वाचवलं नाही. तुझे दाजी म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं. पोर बरी हाय, आता तिच्या जिवाला घोर कशाला लावायचा?" त्यांनाही पोर हवी आहे, त्यांचं चुकलं म्हणू नकोस. नातवंडासाठी तेरा वर्षं देवळात जाऊन बसणाऱ्या आत्याबाईच तेवढ्या म्हणाल्या, "कमळे, सांग तिला. लपवून घेतलेलं पोर लाभत न्हाई."

म्हणून जे मागनं सांगते म्हटलं होतं तेही सांगते. त्या डब्याला चिठ्ठी बांधलेली होती. तुझ्या दाजींनी ग्रामसेवकाकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलेली. तुझी बहीण सातवी शिकलेली, गावातल्या निम्म्या बायकांची पत्रं मीच वाचते. पण तुझ्या बिस्किटांपेक्षा माझी सरस करायची मला एवढी घाई होती की मी दोरा तोडला आणि ती चिठ्ठी न वाचता तुळजाच्या हातात दिली, खेळ म्हणून. नंतर मी ती चुलीपासून उकिरड्यापर्यंत शोधली, सापडली नाही. परवा सापडली, तुझ्या बिस्किटांच्या रिकाम्या डब्याच्या तळाशी; तुळजानं कुठं कुठं लपवून शेवटी तिथं ठेवलेली. तुळजानं मागच्या कोऱ्या बाजूला कोळशानं रेघोट्या ओढल्यात. ते तिनं तुला लिहिलेलं पत्र आहे म्हणे. तेव्हापासून रोज विचारते, "माझं पत्र टाकलं का?" मी तिला नवा कागद दिला, पेन्सिल दिली, म्हटलं, दुसरं लिही. ती म्हणते, नाही, तेच टाक. म्हणून तेच या पाकिटात घातलंय. एका बाजूला तुझ्या लेकीनं लिहिलंय, ते तूच वाच, मला येत नाही. दुसऱ्या बाजूला जे लिहिलंय ते मी वाचलं नव्हतं, तेही वाच, आणि मग ठरव. पौर्णिमा झाली की ये. तिचे कपडे धुऊन घडी घालून ट्रंकेत ठेवले आहेत. नेलीस तर मी तिच्यासमोर रडणार नाही.

तुझीच,
अक्का